डोळे पिवळे दिसले की आधी काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जावा, कावीळ म्हटलं की घरातलं कोणतरी म्हणतंयच, अमक्या गावात झाडपाल्याचं औषध देतात, चल. थांबा की जरा. कावीळ बहुतेक वेळा लिव्हर बिघडल्याची खूण असते, म्हणून पहिल्यांदा रक्त तपासायचं, बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारा रक्तातला घटक), एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली का ते सांगणारी टेस्ट) आणि हिपॅटायटिसच्या, म्हणजे विषाणूनं लिव्हरला येणाऱ्या सुजेच्या टेस्ट. हिपॅटायटिस ए आणि ई घाण पाण्यातनं होतात, पाणी उकळूनच प्यायचं, आणि हे दोन्ही बहुतेकांचे विश्रांती आणि साध्या जेवणानं आपोआप बरे होतात (नाव मात्र झाडपाल्याचं होतं!), पण गरोदर बाईला ई झाला तर धोका मोठा, तिला लगेच डॉक्टरकडं न्या. बी आणि सी रक्तातनं पसरतात, सी आता गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, बीची लस बाळाला जन्मल्यावर 24 तासांत द्यायची. फॅटी लिव्हरचं, म्हणजे लिव्हरात चरबी साठण्याचं वेगळं, सुटलेलं पोट, शुगर, वर रोजचा गोड कुंदा, वजन 7 ते 10 टक्के उतरवलं तर लिव्हरची सूज कमी होते. दारू बंद म्हणजे बंद, बियर पण. पेशंट बरळायला लागला किंवा रक्ताची उलटी झाली तर मध्यरात्र असू दे, दवाखाना गाठायचा.