साहेब निवृत्त होतायत, तुमची फाइल नाही

आमच्या जिल्हा उद्योग केंद्रातले साहेब येत्या ३१ मेला निवृत्त होतायत. जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लावली, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय. जिल्ह्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

आमच्या उद्योजक बायकांच्या ग्रुपवर बातमी आली आणि लगेच वर्गणी सुरू झाली. शाल, श्रीफळ, फेटा. एकीने चांदीचा गणपती सुचवला. मी लिहिलं, ‘आधी आपापल्या फायली कुठे आहेत ते बघा.’ तिघींनी रागाची तोंडं पाठवली. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी कांदा-लसूण चटणी करते. दोन कांडप यंत्रं, एक पल्व्हरायझर, एक भाजणीचं मशीन, पाकिटं सील करायचं एक, आणि पाच बायका. २०२२ साली पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, ९ लाखांचं प्रकरण झालं. ग्रामीण भाग आणि अर्जदार बाई, म्हणून स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४५ हजार घातले; अनुदान ३५ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. हे आकडे साहेबांनी पंचायत समितीच्या सभागृहात, चहाच्या कपाखालच्या कागदावर मांडून दाखवले होते. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते तालुक्याला यायचे. कशासाठी आलात ते नंतर विचारायचे, पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, कागद काय काय आहे?”

त्याच्या आधी मी एका दुसऱ्या कार्यालयात पोळले होते. तिथले अधिकारी फार गोड. “झालं समजा” म्हणाले, मी झालं समजले. त्यांची बदली झाली. नवे आले, म्हणाले, “कुठे लिहिलंय?” कुठेच नव्हतं. पाच महिने गेले, मिरचीचा हंगाम गेला. चांगला माणूस खुर्चीत असला की आपण पोच घ्यायला विसरतो, हा त्यातला खरा धोका. वाईट माणसाकडून आपण न चुकता पोच घेतो.

दिवस मोजताना

३१ मे रविवारी आहे. म्हणजे खुर्चीतला शेवटचा दिवस शुक्रवार, २९. त्या आठवड्यात बकरी ईदची सुट्टी. शेवटचे दोन दिवस निरोप, फोटो, पेन्शनचे कागद आणि चार्ज देणं यातच जाणार. तेव्हा तुमच्या कामासाठी साहेब १५ मेपर्यंतच आहेत असं धरा.

आणि शेवटच्या आठवड्यात सही मागायला जाऊ नका. मला माहितीय, सगळ्यांच्या मनात तेच आहे, ‘जाता जाता एवढी एक सही...’ पुढचा अधिकारी सर्वात आधी तीच सही उघडून बघतो. २९ मेला झालेलं काम जूनमध्ये पुन्हा तपासणीला जातं. एखादीचं काम सरळ असलं तरी तिच्यावर शंका येते, आणि बत्तीस-तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या मागे चौकशी लागली तर ते वेगळंच. मागची तारीख टाकून घ्यायचा तर विचारही नको.

सही नको, तर मग मागायचं काय? माहिती. तीही लेखी.

कोऱ्या कागदावर चार ओळी

तुमचं जे काम अडकलंय त्याचं एक साधं पत्र करा. माझ्यापुरतं सांगते. अनुदानाची रक्कम बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत अडकून राहते, मग युनिटची प्रत्यक्ष पडताळणी होते, आणि त्यानंतर ती कर्जात वळती होते. माझी तीन वर्षं भरली, पडताळणीचं अडलंय. मी असं लिहिलं:

‘विषय: पीएमईजीपी अर्ज क्रमांक अमुक, अनुदान समायोजनाची सद्यःस्थिती कळवण्याबाबत. महोदय, माझ्या युनिटची तीन वर्षांची मुदत पूर्ण झाली आहे. युनिट सुरू आहे. पडताळणीचं प्रकरण सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, कोणाकडे प्रलंबित आहे आणि माझ्याकडून कोणती कागदपत्रे बाकी आहेत, हे कृपया लेखी कळवावे.’

एवढंच. त्यात स्तुती नको, रडगाणं नको. एक प्रत बँकेलाही.

हे पत्र साहेबांच्या हातात देऊ नका. प्रेमाने घेतील, टेबलावर ठेवतील, आणि चार्जच्या गडबडीत ते कुठल्या तरी गठ्ठ्यात जाईल. आधी बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, मग साहेबांना भेटा आणि तो क्रमांक सांगा. क्रमांक पडला की कागद खुर्चीचा होतो, माणसाचा राहत नाही. हे वाक्य माझं नाही, साहेबांचंच.

एक कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्रात सरकारी बदल्यांचं नियमन करणारा आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा एकच आहे, २००५ सालचा. ज्यांनी हे दोन विषय एका कायद्यात घातले त्यांनी आपल्यासारखी वाट बघितली असणार. त्यात म्हटलंय की सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पहिल्याच पत्रात हे लिहू नका, उगाच माणूस बिथरतो. स्मरणपत्रात लिहा, तेही शेवटच्या ओळीत. तरीही हलत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच: अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि मागणी ‘टिपणीसह संपूर्ण नस्तीची (म्हणजे फाइलची) प्रत’. मुदत तीस दिवस. फाइलमध्ये तुमच्याविषयी काय लिहिलंय ते वाचलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

उद्यम नोंदणीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पोर्टलवर आपल्या छोट्या उद्योगाची जी नोंद असते तिचं, एकच बघा: मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? आमच्या ग्रुपमध्ये चौघींचा नंबर नेट कॅफेवाल्याचा निघाला. नोंदणी फुकट आहे, तरी त्याने पैसे घेतले ते घेतले, आता ओटीपीही त्याच्याकडेच जातो. दुरुस्तीसाठी उद्योग केंद्राची मदत मिळते. हे काम याच आठवड्यात करा.

उधारीचं काम, जे साहेबांनी मला हाताला धरून शिकवलं

यासाठी मी त्यांची खरी ऋणी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पुण्याकडचा एक कँटीन ठेकेदार माझी चटणी घ्यायचा. सात बिलं थकली, १ लाख ८६ हजार. फोन केला की “सोमवारी बघतो”. तीन महिन्यांनी म्हणाला, “तुमचा माल हलका होता, तिखटपणा नव्हता.” मी रडकुंडीला आले. साहेबांना सांगितलं तर त्यांनी तिखटपणाची चौकशीच केली नाही. विचारलं, “माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत त्याने लेखी तक्रार केली होती?” नव्हती. “मग कायद्याने माल त्याला मंजूर आहे.”

तो कायदा म्हणजे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तरी पंचेचाळीस दिवसांच्या पलीकडे जाता येत नाही, करारात नव्वद लिहिले असले तरीही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरा, तर वर्षाला साडेसोळा टक्के. माझ्या १ लाख ८६ हजारांवर महिन्याला अडीच हजारांच्या वर. हे गणित त्यांनी माझ्याकडून करून घेतलं, स्वतः केलं नाही.

मग क्रम असा. सगळी बिलं, ऑर्डरचे कागद किंवा मेसेज, आणि माल पोचल्याची सही एका फाइलीत लावायची. व्याजासह हिशेब मांडून खरेदीदाराला एक पत्र, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने. पत्रात शिवीगाळ नाही, धमकी नाही; एक ओळ मात्र जरूर: ‘वेळेत पैसे न दिल्यास ही रक्कम तुम्हाला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येणार नाही.’ ही आयकराची तरतूद २०२३ च्या अर्थसंकल्पातून आली, जुन्या आयकर कायद्यातल्या कलमावरून सीए लोक तिला ४३ बी (एच) म्हणतात. खरेदीदार तुमच्या रडण्याला भीत नाही, स्वतःच्या सीएला भितो. मार्चच्या आधी पाठवलं तर जास्त लागू पडतं.

एवढ्यानेही पैसे आले नाहीत तर थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारचं जे पोर्टल आहे (माझ्या वेळी ‘समाधान’ होतं) त्यावर अर्ज. तो सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातो. माझा अर्ज गेला, ठेकेदाराला कळलं, आणि सव्वीस दिवसांत मुद्दल खात्यावर आली. व्याजाचं त्याने हात जोडले, मी सोडलं. साहेब त्या दिवशी माझ्यावर चिडले. “तुमचं व्याज तुम्ही सोडलंत, पण पुढच्या बाईला तो हेच सांगणार ना, की मागचीने सोडलं!” अजून टोचतं ते.

दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, उद्यम नोंदणी माल पुरवण्याच्या आधीची हवी. भांडण झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील सर्वात आधी बोट ठेवतो. दुसरं, हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांची उद्यम नोंदणी होते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. माझी जाऊ तयार मिरची पूड घेऊन पाकिटं विकते. तिने माझं बघून अर्ज करायचं ठरवलं होतं, साहेबांनी तिची फेरी वाचवली.

तुमची उधारी अडकली असेल तर १५ मेच्या आत साहेबांसमोर बसा आणि फाइल एकदा लावून घ्या. अर्ज नंतर केला तरी चालेल. कागद कोणत्या क्रमाने लावायचे हे त्यांना जसं कळतं तसं मी अजून कुणात बघितलेलं नाही.

नवीन साहेब

बऱ्याचदा लगेच कुणी येतच नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या किंवा त्याच कार्यालयातल्या कुणाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. आठवड्यातले दोन दिवस येतात, तेही मिटिंग नसेल तर. शिपायाला वार विचारा, त्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं. शिपाई आणि बारनिशीच्या बाई निवृत्त होत नाहीयेत, हे लक्षात असू द्या. त्यांच्याशी आत्तापर्यंत तुम्ही कशा वागलात ते जूनमध्ये कळेल.

पहिल्या भेटीत एकच पान न्या: नाव, युनिट, उद्यम क्रमांक, काम काय, आवक क्रमांक आणि तारीख. ‘आधीचे साहेब असं करायचे’ हे वाक्य घरी ठेवून जा. नवी सून घरात आल्याबरोबर तिला मागच्या सुनेचं कौतुक ऐकवलं तर ती काय करेल? तसंच ते. काही मिळालंच तर पोच घ्या, नाही मिळालं तरी पोच घ्या.

निवृत्तीनंतर साहेबांना फोन करावा का? कायद्याचं, कागदाचं काही विचारायचं असेल तर जरूर करा, त्यांना बरंच वाटेल. पण ‘तुमच्या माणसाला जरा सांगा’ असा फोन कुणी करू नका.

आणि तो गणपती

चांदीचा गणपती रद्द करा. सरकारी नोकराला भेटवस्तू घेण्याचे नियम आहेत, आणि शेवटच्या आठवड्यात महागाची वस्तू घेतली तर लोक बोलणारच. घरगुती निरोप चालतो: चहा, पोहे, फार तर फेटा. त्याऐवजी एक सुचवते. ज्या ज्या बाईचं काम झालं तिने एका पानावर आपलं काम, लागलेले कागद आणि लागलेले दिवस लिहावेत. सगळी पानं एकत्र शिवून एक प्रत कार्यालयात द्यायची, एक आपल्या ग्रुपला. साहेबांनी बारा तालुक्यांत जे तोंडी सांगितलं ते कुठे तरी राहील. माझं पान तयार आहे, व्याजाच्या चुकीसकट.

मी शुक्रवारी जाणार आहे, सकाळी दहाच्या आत, हारांची गर्दी व्हायच्या आधी. अर्धा किलो चटणी नेणार. चार वर्षांत त्यांनी एकदाही ती फुकट घेतली नाही, दर वेळी बिल मागितलं. या वेळी मागायला लागू नये म्हणून बिल आधीच करून पाकिटाला लावलंय. २४० रुपये.