मोडीतले पितळ सणासुदीच्या सजावटीत कसे आणावे

आठवडे बाजाराच्या कडेला जुने सामान मांडून बसणाऱ्यांकडे, किंवा भांड्यांच्या दुकानात मोडीत आलेल्या ढिगात, पितळी घंगाळ, कळशी, पानाचा डबा अजूनही हाती लागतो. वस्तू नीट साफ केली, तर तीच आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) हिवाळ्यापर्यंत दर ऋतूत निराळी सजवता येते. तिच्यावर सोनेरी रंग मारण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नये. ठोक्यांची नक्षी रंगाखाली कायमची बुजते.

घेताना लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला, तर आत लोखंड आहे. पाणी भरून गळती तपासावी आणि भाव वजनावर ठरवावा.

खरी कसोटी साफसफाईची, आणि चांगल्या वस्तू बहुधा इथेच बिघडतात. ‘रात्रभर लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो साफ चुकीचा आहे. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असून तो आम्लात फार वेळ राहिला, की जस्त आधी विरघळून निघते आणि पृष्ठभागावर तांबूस-गुलाबी डाग उरतात. ते घालवायला घासत बसले, की कडांची नक्षीही झिजते. संडास धुण्याचे आम्ल तर पितळाच्या जवळही आणू नये.

आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश यांनी तेलकट काजळी पूर्ण काढावी, कारण चिकटा राहिला तर त्याखाली चिंच काम करत नाही आणि भांडे ठिपक्याठिपक्यांनी उजळते. मग चिंचेच्या कोळात मीठ मिसळून तळहाताएवढ्या भागावरच लावावे, दोन-तीन मिनिटे सुती कापडाने हलके चोळावे आणि लगेच धुवावे. सगळे भांडे झाल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा विसळावे, म्हणजे खाचांत आम्ल उरत नाही. हिरवा कळंक पूर्ण काढावा. तो विषारी असल्याने काढताना नाकातोंडावर कापड बांधावे. नक्षीच्या खाचांतला काळेपणा मात्र राहू द्यावा, कारण फुलाची पाकळी त्याच्यामुळेच उठून दिसते. आतून कल्हईचा पांढुरका थर असेल, तर तिथे तारेची घासणी लावू नये.

धुतलेले भांडे वाऱ्यावर वाळायला ठेवू नये. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त असते आणि त्याचे पांढरे डाग पितळावर बसतात, म्हणून ते तत्काळ कोरडे पुसावे. शेवटी मधमाशांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल लावू नये. त्यावर धूळ चिकटते.

पुढचे सोपे आहे. आखाजीच्या उन्हात घंगाळात पाणी आणि मोगरा. पाणी रोज बदलावे. पूजेची घागर मातीचीच असू द्यावी, पितळेने तिची जागा घेऊ नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशातली देवी कानबाई बसते, तेव्हा केळीच्या खांबांशेजारी हीच कळशी केळीची कोवळी पाने घालून ठेवावी. दिवाळीत घंगाळातल्या पाण्यावर पणत्या तरंगवाव्यात. मला सर्वांत आवडते ती हिवाळ्यातली मांडणी: वाळलेल्या पऱ्हाटीच्या दोन-चार फांद्या, उमललेल्या कापसाच्या बोंडांसकट, कळशीत उभ्या कराव्यात आणि सोबत ज्वारीची कणसे ठेवावीत, जुन्या पितळाच्या काळपट पिवळेपणावर तो पांढरा कापूस जसा शोभतो, तसे बाजारातले एकही प्लास्टिकचे फूल शोभत नाही. या मांडणीजवळ दिवा मात्र अजिबात ठेवू नये.

हंगाम संपला, की भांडे कोरडे करून जुन्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि कळंक पुन्हा चढतो.