वजन उतरवण्यासाठी रस पिताना या चुका टाळा

शेजारच्या नानांनी गेल्या उन्हाळ्यात वजन उतरवण्याचे मनावर घेतले आणि पहिली खरेदी ज्यूसरची केली. रोज सकाळी साडेसहाला त्यांच्या स्वयंपाकघरातून त्याची घरघर ऐकू येत असे. दीड महिन्यानंतर ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "रोज रस पेस, तरी काटा हालत नही." हे पूर्ण खरे नव्हते. काटा पाऊण किलोने वर सरकला होता, असे नंतर नानींकडून कळले.

मी आहारतज्ज्ञ नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी रक्तातील साखर काठावर आल्यापासून खाण्याचा हिशेब वहीत मांडण्याची सवय मला लागली आहे. त्या वहीचे एक पान फाडून आम्ही दोघांनी नानांचा दिवस लिहून काढला, तेव्हा चूक रसात नसून रसाच्या आजूबाजूला आहे, हे स्पष्ट झाले. फळा-भाज्यांच्या रसात चरबी वितळवण्याचा कोणताही गुण नाही. दिवसभराच्या खाण्यातून त्याने काही वजा केले तरच वजन उतरते, आणि आपल्याकडे तो बहुतेक घरांत बेरजेच्या बाजूलाच लिहिला जातो.

न्याहारीच्या आधीचा रस

नानांचा पेला चार मोसंबी आणि अर्ध्या बीटाचा, म्हणजे सुमारे ३०० मिलिलिटरचा होता. त्यातून साधारण १५० कॅलरी पोटात जात होत्या. तेवढ्याने कोणाचे वजन वाढत नाही. पण रस हे 'खाणे' आहे असे नानांनी कधी धरलेच नाही. नऊ वाजता वर शेव भुरभुरलेले पोहे ठरलेले होते, दुपारचे जेवण ठरलेले होते आणि आठवड्यातून दोनदा रात्री तर्रीदार शेवभाजीही ठरलेली होती. उलट सकाळी रस घेतला आहे, या समाधानात शेवभाजीला अर्धी वाटी जास्त मिळत होती. त्या तर्रीतील एक मोठा चमचा तेल म्हणजेच सुमारे १२० कॅलरी होतात, हे लक्षात घेतले की रसाचे पुण्य किती काळ पुरते, ते कळते.

कागदावरचा हिशेब असा सांगतो की शरीरात एक किलो चरबी साठायला अंदाजे ७,७०० जादा कॅलरी लागतात. रोजच्या खाण्यात काहीही न घटवता वरून १५० कॅलरींचा पेला घेतला, तर दोन महिन्यांच्या आत तेवढी बेरीज पूर्ण होते. शरीर काही वहीप्रमाणे वागत नाही, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होतो; दिशा मात्र बदलत नाही.

चोथा म्हशीला आणि पाणी आपल्याला

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारीत मी अर्धा किलो गाजरे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घेतली, मिक्सरमधून काढली आणि सुती फडक्यातून पिळली. रस जेमतेम एक पेला निघाला. फडक्यात मात्र वाडगाभर ओला, नारिंगी चोथा उरला. तो समोरच्या गोठ्यात दिला, तर म्हशीने तो मिटक्या मारत खाल्ला. अर्धा किलो गाजरे एका बैठकीत चावून खाणे मला शक्य नव्हते, दोन गाजरांनंतरच जबडा थकला असता. पण तोच रस उभ्या-उभ्या दोन मिनिटांत संपला, आणि अर्ध्या तासाने भूक होती तशीच होती.

वजन कमी करणाऱ्या माणसाला फळा-भाज्यांतून जे हवे असते, त्याचा मोठा भाग त्या चोथ्यात असतो. तंतुमय भागामुळे खाणे चावावे लागते, ते पोटात अधिक वेळ राहते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. याविषयीचा एक छोटा पण बोलका प्रयोग १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. दहा निरोगी व्यक्तींना तेवढ्याच शर्करेची सफरचंदे अख्खी, कुस्करून आणि रसाच्या रूपात देण्यात आली. रस अख्ख्या फळांच्या तुलनेत सुमारे अकरापट वेगाने संपला, त्याने पोट भरल्याची भावना सर्वांत कमी दिली, आणि त्यानंतर इन्सुलिन जास्त वाढून रक्तातील साखर पुढे झपकन खालीही आली. रस घेतल्यावर तासा-दीड तासात चिवड्याच्या डब्याकडे हात का जातो, याचे बरेचसे उत्तर यात आहे. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील सुमारे १ लाख ८७ हजार आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन नोंदींतूनही हाच फरक वेगळ्या अंगाने दिसला: अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे आणि सफरचंदे, अधिक खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते जास्त आढळले.

म्हणून रस करायचाच असेल तर गाळणी बाजूला ठेवावी. गाळल्यावाचून घशाखाली उतरत नसेल, तर चोथा थालीपिठाच्या पिठात किंवा पराठ्यात मिसळावा; गाजर-बीटाचा चोथा ज्वारीच्या पिठात चांगला मुरतो. मात्र मिक्सरमध्ये तंतू टिकतात, म्हणून वाटेल ते दळून प्यावे, असाही याचा अर्थ नाही. केळ्याचा रस निघत नाही, हे जळगावकरांना सांगण्याची गरज नाही. त्यामुळे आपल्याकडे रसाच्या नावाखाली केळ्याचे मिल्कशेक खपते. दोन केळी, पेलाभर म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर एवढ्यातच ४०० हून अधिक कॅलरी होतात. रावेर-यावलच्या बागेतील एक केळे सोलून, चावून खाल्ले तर ते शंभरेक कॅलरींत भागते आणि बरेच वेळ पोटाला आधारही देते.

'नैसर्गिक साखर आहे, ती मोजायची नसते'

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणी प्रथम पसरवले, याचे कुतूहल वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी जे मार्गदर्शन दिले, त्यात फळांच्या रसातील आणि मधातील साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे, आणि ही सगळी मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे म्हटले आहे. अख्ख्या फळातील साखर मात्र या मर्यादेत धरलेली नाही. एकाच मोसंबीची साखर सोलून खाल्ल्यावर वेगळ्या खात्यात आणि पिळल्यावर वेगळ्या खात्यात जाते, हे चमत्कारिक वाटते. पण कारण पुन्हा तो चोथाच आहे.

आपल्या खान्देशात या चुकीचे मोठे रूप म्हणजे रसवंती. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की रस्त्याकडेच्या घुंगरांचा आवाज ऐकून थांबावेसे वाटते, आणि मीही थांबतो. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात उसाच्या रसातील साखर दर १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम सांगितली आहे. २०० मिलिलिटरच्या पेल्यात बर्फ सोडून उरलेला भाग धरला, तरी पाच-सहा चमचे साखर होते. आले-लिंबू पिळल्याने चव सुधारते, ही साखर कमी होत नाही. महिन्यातून दोनदा हौस म्हणून घ्यावा. 'उसाचा रस यकृताला चांगला' म्हणत रोज घेऊ नये.

पाकिटातील रसाबाबत एकच सूचना पुरे. जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने वेष्टनावरील 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्यास उत्पादकांना सांगितले, कारण त्यात बहुतांशी पाणी आणि आटवलेल्या रसाचा अर्क असतो. पुढची फळांची चित्रे पाहू नयेत, मागचा तक्ता वाचावा.

नुसत्या रसावर काढलेले दिवस

लग्नसराई जवळ आली की पाच-सात दिवस फक्त रसावर राहण्याचे प्रयोग घरोघरी सुरू होतात, आणि तीन दिवसांत दोन किलो उतरल्याचा आनंदही साजरा होतो. हे दोन किलो प्रामुख्याने पाण्याचे असतात. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा शर्करेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम घटले की हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या वरण-बट्टीच्या जेवणानंतर ते परत येते.

याहून चिंतेची गोष्ट प्रथिनांची आहे. ६० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात आणि फळा-भाज्यांच्या रसात ती नगण्य असतात. दिवस वाढत गेले की शरीर स्नायूही मोडू लागते, अशक्तपणा येतो आणि प्रयोग संपल्यावर वजन पूर्वीपेक्षा सहज वाढते. 'शरीरातील विष बाहेर काढणे' हे कारण पुढे केले जाते, पण ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करत असतात. त्यांना बीटाच्या पेल्याची वाट पाहावी लागत नाही. उपाशी राहण्यापेक्षा उडीद-ज्वारीच्या कळण्याची एक भाकरी, वांग्याचे कमी तेलातले भरीत आणि ताक असे जेवण अधिक वेळ पोट धरते आणि त्यात प्रथिनेही मिळतात. भरिताचे वांगे काड्यांवर भाजतात, त्याला तेल लागत नाही. तेल फोडणीत शिरते, आणि तेथे हात आखडता घेणे आपल्याच हाती असते.

दुधी कडू लागला तर

येथे प्रश्न वजनाचा राहत नाही. दुधी भोपळ्यात, तसेच काकडी-दोडक्याच्या कुळातील इतर फळभाज्यांत, कुकरबिटासिन नावाचे कडू द्रव्य कधीकधी वाढते. उष्णता आणि पाण्याचा ताण हे त्याचे एक कारण असते, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात हे दोन्ही भरपूर मिळतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने उलट्या, पोटात तीव्र कळा, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब कोसळणे असे प्रकार भारतात घडले आहेत व काही जणांचा मृत्यूही झाला आहे. त्यावर कोणताही उतारा नाही, रुग्णालयात आधार देणारे उपचार करावे लागतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात तीन सूचना आहेत आणि त्या तिन्ही स्वयंपाकघरात चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि तो कडू लागल्यास सगळा दुधी फेकून द्यावा; दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, कारण त्यात कडूपणा झाकला जातो; रस प्यायल्यावर अस्वस्थ वाटले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कडू म्हणजे औषधी, ही आपली समजूत येथे जिवावर बेतू शकते. जळगावच्या मेहरूण तलावाकडे सकाळी फिरायला जाणारे असोत की धुळ्याच्या पांझरेच्या काठी चालणारे, गाड्यावर आधीच काढून ठेवलेला मिश्र हिरवा रस घेताना त्यांनी हे आठवावे. आत काय आहे, हे त्यातून कळत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असताना कारल्याचा रस सोबत घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना रसातील पोटॅशियम झेपत नाही, आणि मुतखड्याचा त्रास झालेल्यांनी रोज कच्च्या पालक-बीटाचा रस घेणे टाळावे, कारण त्यांत खडे बनवणारे ऑक्झलेट भरपूर असते. असे काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

वजन अडले असेल तर हे तपासावे

आधी पेला मोजावा. घरातील 'एक ग्लास' १५० मिलिलिटरचा असतो की साडेतीनशेचा, हे मापाच्या भांड्याने पाहिल्याशिवाय कळत नाही. नानांचा स्टीलचा पेला तब्बल साडेतीनशेचा निघाला, तो ते थोडा रिकामा ठेवत असत एवढेच. त्यानंतर पेल्यात काय आहे ते पाहावे: काकडी, टोमॅटो, पुदिना, थोडे आवळा-लिंबू असा भाज्यांचा भाग मोठा आणि फळाचा भाग चवीपुरता असेल, तर कॅलरी निम्म्याच्या खाली येतात. तिसरी गोष्ट म्हणजे रसाने नेमके काय हटवले, हे लिहून पाहावे. चारच्या चहासोबतची बिस्किटे किंवा फरसाण हटले असेल, तर रस कामाला आला. काहीच हटले नसेल, तर तो बंद करून तेच गाजर कोशिंबिरीत घ्यावे. वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर घ्यावे आणि निदान चार आठवड्यांच्या नोंदी झाल्यावरच निष्कर्ष काढावा. हे सगळे नीट असूनही काटा वर जात असेल आणि सोबत थकवा किंवा सूज असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

नानांनी ज्यूसर विकला नाही, माळ्यावर ठेवला आहे. सध्या ते सकाळी दोन मोसंबी सोलून, ओट्याशी उभे न राहता ओसरीवर बसून खातात आणि पोह्यांवरची शेव त्यांनी रविवारपुरती ठेवली आहे. तीन महिन्यांत पावणेदोन किलो उतरले आहे. नानींच्या मते मात्र यात मोसंबीचा काही भाग नाही, ते सगळे शेवेमुळे झाले आहे, आणि वही पाहता मला त्यांचे म्हणणे खोडता आलेले नाही.