रेग्युलेटर सेट करायचा तो गॅस वाहता ठेवूनच

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत लागली की नायट्रोजनची लाइन कधी ना कधी त्यांच्या वाट्याला येतेच. मीही याच कामात वाढलो. या लाइनवर रेग्युलेटर असतो, म्हणजे गॅसचं प्रेशर उतरवून पुढे ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह. नव्या मुलांची एक पक्की समजूत असते: रेग्युलेटर ४ बारला लावला की पुढे ४ बारच मिळणार. ती पहिल्याच आठवड्यात सोडलेली बरी.

रेग्युलेटरच्या आत डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला आउटलेटचं प्रेशर. दोन्ही जोर तुल्यबळ झाले की व्हॉल्व्ह आहे तिथे थांबतो. आता पुढे कुणी रिअ‍ॅक्टरला नायट्रोजन सोडला. जास्त गॅस जायचा तर व्हॉल्व्ह जास्त उघडला पाहिजे, म्हणजे दाबलेली स्प्रिंग थोडी सैल झाली पाहिजे. सैल स्प्रिंगचा जोर कमी, म्हणून तिला तोलणारं प्रेशरही कमी. फ्लो वाढला की प्रेशर उतरतं ते यामुळे. याला ड्रूप म्हणतात. हा बिघाड नव्हे, स्प्रिंगच्या रेग्युलेटरचा तो स्वभावच आहे.

एकदा गेजसमोर उभं राहून बघाच. लाइन बंद असताना काटा ४ वर असतो. पुढचा व्हॉल्व्ह जरासा उघडला की तो झटकन खाली येतो, कारण सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती जागा) गच्च बंद ठेवायला लागणारं जादा प्रेशर, म्हणजे लॉकअप, आधी जातं. मग फ्लो वाढवत न्या, काटा हळूहळू उतरतो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही आणि प्रेशर कोसळतं. डेटाशीटवरच्या फ्लो-कर्व्हमध्ये हेच तीन भाग दिसतात. काम मधल्या भागात बसवायचं. म्हणूनच नेहमीचा फ्लो चालू ठेवून नॉब फिरवायचा, बंद लाइनवर नाही. ‘मग मोठाच रेग्युलेटर घेऊ’ असं कुणी म्हणेल, पण फार मोठा घेतला तर व्हॉल्व्ह सीटला जेमतेम सुटून थरथरतो आणि सीट लवकर झिजते.

क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमधल्या सिलिंडरची गोष्ट थोडी उलटी. सिंगल-स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात प्रेशर उतरवणाऱ्या रेग्युलेटरवर सिलिंडर रिकामा होत गेला की आउटलेटचं प्रेशर वाढतं. याला सप्लाय इफेक्ट म्हणतात. डेटाशीटवर तो १ टक्का असेल तर इनलेट १०० बारने उतरल्यावर आउटलेट १ बारने चढतं. नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, गॅस क्रोमॅटोग्राफला, हे चालत नाही. तिथे दोन टप्प्यांत प्रेशर उतरवणाऱ्या टू-स्टेजचाच आग्रह धरा, स्टोअरवाले महाग म्हणाले तरी.

फ्लो बंद केल्यावर काटा थोडा चढून थांबला तर ठीक. तो चढतच राहिला तर सीटवर कचरा अडकलाय किंवा सीट कापली गेलीय. अशा वेळी नॉबला हात लावू नका. इनलेट बंद करा, लाइन बाहेर मोकळ्या हवेत व्हेंट करा, कारण बंद खोलीतला नायट्रोजन जीव घेतो, आणि रेग्युलेटर उतरवून दुरुस्तीला द्या.