कडेला पेन भरकटतो? स्टायलसचं पॅनल डिझाइन करताना या चुका टाळा

मार्चमध्ये आठ इंची टॅबलेटचं पहिलं सॅम्पल घेऊन आम्ही अमळनेरजवळच्या एका शाळेत गेलो होतो. मधल्या भागात सगळं मस्त चालत होतं. चौथीतल्या एका पोरीने 'केळीची बाग' लिहिलं आणि शिरोरेखा ओढत ओढत उजव्या काठाला आली, तर पेन काठापर्यंत पोचला पण रेघ तीन मिलिमीटर अलीकडेच थांबली, आणि वर कुठंतरी एक टिंब आपोआप उमटलं. तिने पुसून परत ओढली, परत तेच. "भाऊ, आठे रेघ पुढे काबर जात नही?"

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की बारीक बेझलच्या (स्क्रीनभोवतीच्या कडेच्या) स्क्रीनमध्ये खरं काम शेवटच्या पाच मिलिमीटरचं असतं, आणि आपण नेमकं तेच शेवटी करतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेन्सरचे इलेक्ट्रोड, म्हणजे पेनाचा सिग्नल पकडणाऱ्या पट्ट्या, स्क्रीन जिथं संपते बरोबर तिथंच संपवणं. इलेक्ट्रोडमधलं अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर आणि पेनाचं टोक जेमतेम १ मिलिमीटरचं, म्हणजे कंट्रोलर (सिग्नल वाचणारी चिप) पेनाची जागा थेट बघत नाही, शेजारच्या तीन-चार इलेक्ट्रोडवर सिग्नल किती किती आलाय त्यावरून हिशोब करतो. काठावर एका बाजूचा शेजारीच नसतो, मग हिशोब आतल्या बाजूला झुकतो आणि रेघ मागे राहते. शक्य असेल तर शेवटचा इलेक्ट्रोड दिसणाऱ्या भागाच्या बाहेर अर्धा-एक मिलिमीटर जाऊ द्या, नाहीच जमलं तर काठाजवळचे इलेक्ट्रोड अरुंद करा. पण ही जागा बॉडीचं डिझाइन फायनल व्हायच्या आधी मागावी लागते, नंतर कोणी देत नाही भाऊ.

यावर बरेच जण काठासाठी फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, करेक्शन टेबल (कुठं किती चूक दुरुस्त करायची त्याचा तक्ता) टाकतात. ते करायलाच पाहिजे, पण टेबल बनवताना पेन मशीनमध्ये सरळ उभा धरलेला असतो आणि माणूस कधीच तसा धरत नाही. पेन तिरपा झाला की टोकासोबत त्याच्या दांड्याचाही सिग्नल पॅनलवर पडतो आणि जागा कललेल्या बाजूला सरकते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा पेन उजवीकडे कललेला, म्हणजे डाव्या काठावर दांडा पॅनलच्या वर असतो आणि उजव्या काठावर बाहेर लटकतो, त्यामुळे दोन्ही काठांची चूक वेगळी येते आणि एकच टेबल दोन्हीकडे चालत नाही. ३० आणि ४५ अंशाला पेन तिरपा धरून चारही काठांचं मोजमाप घ्या, डावखुऱ्यासाठी उलट बाजूनेही घ्या. आम्ही हे दुसऱ्या सॅम्पलला केलं, वेळ गेला पण रेघ काठापर्यंत पोचली.

आता ते वरचं टिंब. ते बेझलमधल्या तारांमुळे आलं होतं. आठ इंची पॅनलची लांबी साधारण १७२ मिलिमीटर, साडेचार मिलिमीटरला एक धरली तर इलेक्ट्रोडच्या ३८ आडव्या ओळी होतात. प्रत्येकीची एक ट्रेस, म्हणजे बारीक तार, काठाने खाली कनेक्टरपर्यंत येते. चांदीच्या पेस्टची ३० मायक्रॉनची ट्रेस आणि ३० चा गॅप धरला तर एका बाजूने सगळ्या काढायला जवळजवळ २.३ मिलिमीटर लागतात. निम्म्या डावीकडून, निम्म्या उजवीकडून काढल्या तर १.१ च्या आसपास, आणि तांब्याच्या १० मायक्रॉनच्या ट्रेस, १० च्या गॅपने, तर एकाच बाजूने पाऊण मिलिमीटरमध्ये बसतात. पण नुसतं बसवून भागत नाही. पेन काठावर आला की त्याचा सिग्नल त्या ट्रेसमध्येच घुसतो, आणि ती ट्रेस वरच्या कुठल्या ओळीची असेल तर कंट्रोलरला वाटतं पेन तिकडे आहे. म्हणून ट्रेस आणि इलेक्ट्रोडच्या मधे ग्राउंडची एक गार्ड लाइन ठेवा आणि कुठल्या जागी कुठली ट्रेस शेजारून जाते याचा नकाशा फर्मवेअरवाल्याच्या हातात द्या, नाहीतर तो बिचारा महिनाभर फिल्टर लावत बसतो.

पेनात बॅटरी नसलेली म्हणजे ईएमआर पद्धत वापरत असाल, २०११ च्या गॅलक्सी नोटमध्ये होती ती, तर सेन्सर डिस्प्लेच्या मागे असतो आणि भानगड वेगळी असते. त्यात सेन्सरच्या कॉइल चुंबकीय क्षेत्राने पेन ओळखतात. कॉइलच्या मागे धातूची फ्रेम आली की तिच्यात एडी करंट (धातूत गोल फिरणारे प्रवाह) तयार होऊन सिग्नल खातात, म्हणून मधे ठेवायची फेराइटची (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या पदार्थाची) शीट कॉइलच्या पूर्ण मापाची पाहिजे, कडेला २ मिलिमीटर कमी पडली तरी तिथली रेघ बिघडू शकते. आणि कव्हरचं किंवा स्पीकरचं मॅग्नेट काठाजवळ ठेवू नका.

बिघाड शोधताना मी शिरोरेखेचीच टेस्ट वापरतो, प्लास्टिकची पट्टी ठेवून एकदम हळू लांब रेघ ओढायची, एकदा आडवी, एकदा तिरपी. स्टीलची पट्टी नको, ती स्वतःच सिग्नल ओढते, आमचा अर्धा दिवस त्यात गेला. रेघेला लाटा आल्या आणि लाटेची लांबी इलेक्ट्रोडच्या अंतराएवढी असली तर हिशोबाचं सूत्र चुकतंय. फक्त काठावर बिघडली तर वर सांगितलेलं सगळं तपासा. स्क्रीनवरचं चित्र बदलल्यावर थरथर बदलत असेल तर डिस्प्लेचा नॉइज आहे. बारीक बेझलच्या बऱ्याच पॅनलमध्ये गेट ड्रायव्हर (डिस्प्लेच्या ओळी चालू-बंद करणारं सर्किट) काचेवर अगदी काठालाच असतो, त्यामुळे पांढऱ्या स्क्रीनवर पास झालं म्हणून खूश होऊ नका, एक ओळ काळी एक पांढरी असा पॅटर्न लावून बघा.

आणि चार्जर लावला की थरथर सुरू झाली तर कॉमन मोड नॉइज, म्हणजे चार्जरमुळे अख्ख्या टॅबलेटचाच व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत हलतो. आपल्याकडे गावात कित्येक सॉकेटला अर्थिंगच नसतं, चार्जर दोन पिनचा, आणि तळहात टेकला की नॉइज हातातून पॅनलमध्ये येतो. लॅबमधल्या चांगल्या सप्लायवर हे कधीच दिसत नाही. आम्ही आता साधे स्वस्त चार्जर आणून, मे महिन्यात जळगावला बिनाएसीच्या खोलीत, घामेजलेला हात स्क्रीनवर टेकवूनच उजव्या काठाची शेवटची टेस्ट घेतो.