वेब सर्व्हरची मेमरी खरोखर गळते आहे का, हे कसे तपासावे

नाशिकमधून आम्ही लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याचे भाव दाखवणारा सी भाषेत लिहिलेला एक छोटा वेब सर्व्हर चालवतो. लिलाव सुरू झाला की शेतकरी मोबाईलवर तेच पान पुन्हा पुन्हा उघडतात. त्यामुळे एका रिक्वेस्टमागे ४ केबी मेमरी जरी सोडायची राहिली, तरी तिचा साठा वाढत जातो आणि शेवटी लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी यंत्रणा) ऐन गर्दीत प्रोसेस बंद पाडतो.

तपासणी चालू सर्व्हरवर न करता त्याच बिल्डची प्रत वेगळ्या मशीनवर चालवून करावी. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये चालणारे मॉड्यूल तपासायचे असल्यास 'मॅक्स कनेक्शन्स पर चाइल्ड' ही सेटिंग शून्यावर ठेवावी. ठरावीक जोडण्यांनंतर प्रोसेस बदलत राहिली, तर गळती झाकली जाते.

त्यानंतर अपाचे बेंच या रिक्वेस्टचा मारा करणाऱ्या साधनाने एकाच पत्त्यावर १०,००० रिक्वेस्ट पाठवाव्यात, एका वेळी १० याप्रमाणे. ही पहिली फेरी मोजमापात धरू नये, कारण कॅशे आणि डेटाबेसच्या जोडण्या तेव्हाच तयार होत असतात. पुढे तेवढ्याच आकाराच्या पाच-सहा फेऱ्या घेऊन प्रत्येकीनंतर त्या प्रोसेसच्या प्रॉक फाइलमधील (कर्नल प्रोसेसची माहिती देतो ती फाइल) व्हीएमआरएसएसचा, म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीचा, आकडा लिहून ठेवावा. आकडा खाली आला नाही म्हणून गळती आहे असे समजू नये. मोकळी झालेली मेमरी जीलिबसी (लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) लगेच कर्नलला परत करतेच असे नाही. आकडा एका पातळीवर स्थिरावला तर काळजी नाही, मात्र दर फेरीला जवळजवळ सारखाच वाढत असेल, तर त्या वाढीला रिक्वेस्टच्या संख्येने भागावे.

आमच्याकडे भावाच्या पानावर आकडा स्थिर होता, पण लिलाव बंद असलेल्या दिवसाची तारीख दिली की फेरीमागे सुमारे ४०,००० केबी, म्हणजे रिक्वेस्टमागे ४ केबी वाढत होते. 'आज लिलाव नाही' असे उत्तर देऊन फंक्शन मधूनच परतत होते आणि ४,०९६ बाइटचा बफर मोकळा करणारी ओळ त्याच्या खाली होती. म्हणूनच चुकीची तारीख, रिकामे उत्तर, अर्धवट तुटलेली जोडणी अशा प्रत्येक वाटेची स्वतंत्र फेरी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नेमकी ओळ शोधण्यासाठी डीबग माहितीसह बिल्ड करून सर्व्हर व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली, त्याचा लीक-चेक पर्याय 'फुल' ठेवून चालवावा. तो कित्येक पटींनी मंदावतो, त्यामुळे रिक्वेस्ट थोड्याच पाठवाव्यात, मात्र संख्या सहज ओळखू येणारी असावी. आम्ही १३७ पाठवल्या आणि अहवालात १३७ ब्लॉकमधील ५,६१,१५२ बाइट निश्चित हरवल्याची नोंद, फंक्शनच्या नावासह, समोर आली. संपूर्ण अहवाल प्रोसेस संपताना मिळतो. म्हणून सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) पाठवून सर्व्हर नीट थांबवावा, जागीच मारणारा सिगकिल वापरू नये.

एक गोष्ट मात्र व्हॅलग्रिंडला चूक वाटत नाही. एखाद्या ग्लोबल यादीत नोंदी साचत राहिल्या आणि त्या कोणीच काढल्या नाहीत, तर त्या मेमरीपर्यंत पॉइंटर (मेमरीचा पत्ता साठवणारे चल) पोहोचत असल्याने ती हरवलेली मानली जात नाही. अशा वेळी अहवालातील 'स्टिल रीचेबल' (अजून पोहोचता येणाऱ्या) ब्लॉकची संख्या १३७ च्या पटीत वाढते का, ते पाहावे. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसारख्या ठिकाणी दोन फेऱ्यांनंतरचे हीप स्नॅपशॉट (मेमरीतील वस्तूंची त्या क्षणाची नोंद) शेजारी ठेवून कोणत्या वस्तू वाढल्या, ते तपासावे.

दुरुस्तीनंतर बंद दिवसाची तीच तारीख आणि तेवढ्याच रिक्वेस्ट घेऊन सर्व फेऱ्या पुन्हा कराव्यात आणि नवे आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत.