टर्मिनलवरून शेअर्ड फोल्डर गाठायचा असेल तर: एसएमबीक्लायंट कसा वापरावा

ऑफिसातला फाइल सर्व्हर, नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी नास पेटी, स्कॅन केलेली पानं एका फोल्डरात टाकणारा प्रिंटर, अशी बरीचशी यंत्रं फाइली वाटण्यासाठी एकच प्रोटोकॉल वापरतात: एसएमबी. विंडोजमध्ये 'नेटवर्क' उघडल्यावर जे फोल्डर दिसतात ते याच वाटेने येतात. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमधूनही ते उघडतात. पण कधी नुसतं चाक फिरत राहतं, कधी 'जोडता आलं नाही' एवढंच सांगून खिडकी मिटते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळायला मार्ग नसतो.

अशा वेळी एसएमबीक्लायंट हा टर्मिनलवरून चालणारा प्रोग्राम हाताशी असावा. त्याला रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागत नाहीत, काही माउंट करावं (दूरचा फोल्डर आपल्या यंत्रात जोडून घ्यावा) लागत नाही, आणि जोडणी अडली तर कोणत्या टप्प्यावर अडली ते तो नाव घेऊन सांगतो. माझ्या मते हा तिसरा गुण सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून त्रुटींच्या संदेशांवर पुढे जरा जास्त लिहिलं आहे.

हे साधन साम्बा या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात साम्बावर काम सुरू केलं. एसएमबीक्लायंटची धाटणी एफटीपी या फाइली आणण्या-पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या क्लायंटसारखी आहे, त्यामुळे ज्यांनी एफटीपी वापरलं आहे त्यांना बऱ्याच आज्ञा ओळखीच्या वाटतील.

सुरू करण्याआधी एक सूचना. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे नागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत आहेत. पर्यायासाठी मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे, आणि हा फरक पाळावाच लागतो. उदाहरणांत सर्व्हरचं नाव 'भांडार', शेअरचं (म्हणजे सर्व्हरने वाटायला ठेवलेल्या फोल्डरचं) 'दस्तऐवज' आणि वापरणारीचं 'मीरा' धरलं आहे.

बसवणं

डेबियन आणि उबंटूवर पॅकेजचं नाव एसएमबीक्लायंट हेच आहे, ते ॲप्टने बसवा. फेडोरावर साम्बा-क्लायंट नावाचं पॅकेज डीएनएफने घ्यायचं. बसल्यावर 'एसएमबीक्लायंट --व्हर्जन' चालवून आवृत्ती बघून ठेवा. ४.११ किंवा त्यानंतरची असेल तर एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती त्यात मुळातच बंद असते. याचा संबंध शेवटी येईल.

साम्बाची सेटिंग फाइल सापडली नाही, अशी तक्रार पहिल्या ओळीत दिसली तर थांबू नका. नुसत्या क्लायंटचं काम तिच्यावाचून चालतं.

आधी यादी मागा

थेट फोल्डरात शिरण्याआधी सर्व्हरवर काय काय शेअर केलंय ते विचारा:

एसएमबीक्लायंट -एल भांडार -यू मीरा

इथे एल आणि यू दोन्ही मोठे. पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच अपेक्षित आहे. मग तीन रकान्यांचा तक्ता येतो: शेअरचं नाव, प्रकार आणि टिप्पणी. ज्यांच्यापुढे 'डिस्क' लिहिलंय ते आपल्या कामाचे. 'प्रिंटर' म्हणजे छपाईसाठी, आणि 'आयपीसी' हा सर्व्हरच्या अंतर्गत कामाचा. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असेल तर तो लपवलेला शेअर असतो, बहुधा प्रशासकासाठी. असं नाव टर्मिनलवर लिहिताना एकेरी अवतरणात लिहा, नाहीतर शेल (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) डॉलरचा भलताच अर्थ लावतो.

तक्त्याखाली एसएमबी १ बंद असल्याने वर्कग्रुपची यादी मिळत नाही, अशा अर्थाची एक ओळ दिसू शकते. अनेकजण तिलाच त्रुटी समजून शोधाशोध करतात. वरचा तक्ता आला असेल तर सगळं ठीक आहे.

सर्व्हरचं नाव ओळखलं गेलं नाही तर त्या जागी त्याचा आयपी पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. पासवर्डशिवाय खुला असलेला सर्व्हर असेल तर मोठा 'एन' असलेला -एन पर्याय लावला की पासवर्ड विचारत नाही. कंपनीचं डोमेन असेल तर मोठ्या डब्ल्यूचा -डब्ल्यू लावून पुढे डोमेनचं नाव लिहा.

आत शिरणं, आणि आपण कुठे उभे आहोत ते ओळखणं

एसएमबीक्लायंट //भांडार/दस्तऐवज -यू मीरा

दोन तिरप्या रेघांनंतर सर्व्हर, मग एक रेघ, मग शेअर, आणि तिथेच थांबायचं. आतला उपफोल्डर त्यालाच जोडून लिहू नका. सुरुवातच उपफोल्डरातून करायची असेल तर मोठ्या डीचा -डी पर्याय आहे. तिरप्या रेघा विंडोजसारख्या उलट्या काढू नका. शेलमध्ये त्या दुप्पट लिहाव्या लागतात आणि विनाकारण गोंधळ होतो.

जोडणी झाली की 'एसएमबी: \>' असा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेची वाट बघणारी खूण, येतो. इथून पुढे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: तुम्ही एकाच वेळी दोन फोल्डरांत उभे असता, एक सर्व्हरवरचा आणि एक तुमच्या यंत्रावरचा. 'सीडी' ही आज्ञा सर्व्हरवरचा फोल्डर बदलते, 'एलसीडी' तुमच्याकडचा. 'एलएस' सर्व्हरवरची यादी दाखवते; आपल्याकडची बघायची तर पुढे उद्गारचिन्ह लावून '!एलएस' म्हणायचं. 'उतरवलेली फाइल गेली कुठे?' या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी '!पीडब्ल्यूडी'मध्ये सापडतं. कुठलीही फाइल हलवण्याआधी एकदा 'एलएस' आणि एकदा '!पीडब्ल्यूडी' करण्याची सवय लावून घ्या.

'एलएस'च्या प्रत्येक ओळीत फाइलचं नाव, मग एखाद-दोन अक्षरं, मग आकार आणि तारीख असते. मधलं अक्षर डी असेल तर तो फोल्डर. ए म्हणजे बॅकअपच्या खुणेची साधी फाइल, एच म्हणजे लपवलेली, आर म्हणजे फक्त वाचण्यासाठी, एस म्हणजे सिस्टिमची. आकार बाइटमध्ये असतो, पण सगळ्यात खाली डिस्कवरच्या जागेची जी ओळ येते ती ब्लॉकमध्ये असते. ब्लॉक केवढा तेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं, तेव्हा गुणाकार करूनच मोकळ्या जागेचा अंदाज बांधा.

फाइल आणणं, पाठवणं

एक फाइल आणायची तर 'गेट' आणि फाइलचं नाव. नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणात घाला. त्यापुढे दुसरं नाव दिलं तर फाइल त्या नावाने उतरते:

गेट "जून अहवाल.पीडीएफ" जून.पीडीएफ

काम झालं की फाइल किती बाइटची होती आणि कोणत्या वेगाने आली ते सांगणारी ओळ छापली जाते. हा आकार 'एलएस'मधल्या आकाराशी जुळतो का ते बघा. मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर पहिल्यापासून सुरुवात करायला नको. 'रीगेट' ही आज्ञा तुमच्याकडे जेवढी फाइल उतरली आहे तिच्या शेवटापासून पुढे आणते. सर्व्हर मंद असेल आणि वारंवार वेळ संपत असेल तर 'टाइमआउट १२०' असं म्हणून प्रत्येक कृतीसाठीची मुदत वाढवा; मुळात ती २० सेकंदांची असते. मजकुराची फाइल उतरवून न घेता नुसती वाचायची असेल तर 'मोअर' वापरा.

पाठवण्यासाठी 'पुट', आणि त्याची रचना 'गेट'सारखीच. इथे सावध राहा. त्याच नावाची फाइल सर्व्हरवर आधीच असेल तर 'पुट' न विचारता ती पुसून नवी ठेवतो, आणि 'गेट'ही तुमच्याकडच्या फाइलीचं तेच करतो. 'डेल' तर दिलेल्या नमुन्यात (उदाहरणार्थ '*.पीडीएफ', म्हणजे सगळ्या पीडीएफ) बसणारी प्रत्येक फाइल काढून टाकते. सर्व्हरवर वेगळी सोय केलेली नसेल तर ती परत मिळत नाही. म्हणून 'डेल'ला द्यायचा नमुना आधी 'एलएस'ला देऊन बघा आणि यादी नीट वाचा.

एकदम पुष्कळ फाइली: इथे बहुतेक जण अडकतात

अनेक फाइलींसाठी 'एमगेट' आणि 'एमपुट' आहेत. 'एमगेट *.पीडीएफ' म्हटलं की तो प्रत्येक फाइलीला 'आणू का?' असं विचारतो. हे नको असेल तर आधी 'प्रॉम्प्ट' ही आज्ञा एकदा द्या. ती बटणासारखी आहे: एकदा दिली की विचारणं बंद, पुन्हा दिली की सुरू. उपफोल्डरांत उतरण्यासाठीची 'रिकर्स' ही आज्ञाही तशीच, फक्त ती सुरुवातीला बंद असते.

आता समजा 'अहवाल' फोल्डरात आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांत मिळून जेवढ्या पीडीएफ आहेत तेवढ्याच हव्यात. 'रिकर्स' सुरू करून 'एमगेट *.पीडीएफ' असं लिहावं हे साहजिक वाटतं, पण त्याने आतल्या फाइली येत नाहीत. कारण 'रिकर्स' सुरू असताना एमगेटला दिलेला नमुना कोणत्या फोल्डरांत उतरायचं ते ठरवतो, आणि '*.पीडीएफ' अशा नावाचा फोल्डर तर नसतोच. कोणत्या फाइली घ्यायच्या ते ठरवायला 'मास्क' ही वेगळी आज्ञा आहे. योग्य क्रम असा:

प्रॉम्प्ट
रिकर्स
मास्क *.पीडीएफ
एमगेट अहवाल

यात फोल्डरांची रचना तुमच्याकडे जशीच्या तशी तयार होते आणि फाइली मात्र फक्त पीडीएफ येतात. मास्क एकदा लावला की सत्र संपेपर्यंत किंवा तुम्ही बदलेपर्यंत तसाच राहतो. पुढे सगळ्या फाइली हव्या असतील तर 'मास्क *' देऊन तो मोकळा करा.

रोजच्या कामासाठी एकाच ओळीत

तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर आज्ञा -सी पर्यायापुढे अवतरणात, अर्धविरामांनी वेगळ्या करून देता येतात. यातला सी लहान:

एसएमबीक्लायंट //भांडार/दस्तऐवज -ए ओळख.टीएक्सटी -सी 'सीडी अहवाल; एलसीडी /होम/मीरा/जमा; गेट जून.पीडीएफ'

मोठ्या ए चा -ए पर्याय पासवर्डची फाइल सांगतो. तिच्यात तीन ओळी असतात: 'युजरनेम = ', 'पासवर्ड = ' आणि लागल्यास 'डोमेन = ', प्रत्येकापुढे आपापली माहिती. फाइल बनवल्याबरोबर 'सीएचमॉड ६००' करून ती फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी करा. वापरकर्त्याच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह घालून पासवर्ड आज्ञेतच लिहायची सोय आहे, पण ती वापरू नका. शेलच्या इतिहासात तो पासवर्ड उघडा पडून राहतो.

अडलं तर संदेश वाचा

त्रुटीच्या संदेशाची सुरुवात 'एनटी_स्टेटस' अशी होते. पुढचे शब्द अडचण कुठे आहे ते सांगतात.

'होस्ट अनरीचेबल' किंवा 'आयओ टाइमआउट' आलं तर सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलेलं नाही. पत्ता, केबल, व्हीपीएन आणि फायरवॉल बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे यंत्र जागं आहे, पण एसएमबीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. हे दोन टप्पे पार पडले नसतील तर पासवर्ड बदलून काहीही साधणार नाही.

'लॉगॉन फेल्युअर' म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. दोन्हींपैकी काय चुकलं ते सर्व्हर मुद्दाम सांगत नाही. डोमेन द्यायचं राहून गेलं असेल तरी हेच येतं. दोन-तीनदा असं झालं तर थांबा आणि माहिती तपासा. आंधळेपणाने प्रयत्न करत राहिलात तर पुढचा संदेश 'अकाउंट लॉक्ड आउट' असू शकतो, आणि मग प्रशासकाशिवाय इलाज नाही.

'बॅड नेटवर्क नेम' वाचून लोक नेटवर्क तपासायला धावतात, पण नेटवर्क ठीक असतं. तुम्ही लिहिलेल्या नावाचा शेअर त्या सर्व्हरवर नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पुन्हा -एल ने यादी मागा आणि नाव ताडून बघा. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे सर्व्हरने तुम्हाला ओळखलं, पण त्या शेअरवर किंवा त्या फाइलीवर तुम्हाला अधिकार दिलेला नाही. प्रशासकाकडे जाताना हा संदेश आणि तो कोणत्या आज्ञेवर आला ते दोन्ही सोबत न्या, काम लवकर होतं.

जुनं यंत्र आणि एसएमबी १

सर्व्हर सापडतो, पण प्रोटोकॉलची बोलणी फिसकटल्याचा संदेश येतो, असं झालं तर समोरचं यंत्र बहुधा फक्त एसएमबी १ जाणणारं आहे. ही आवृत्ती उगाच बंद केलेली नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने विंडोजच्या एसएमबी १ मधल्या भेगेतूनच वाट काढली होती, आणि ती भेग बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. त्यामुळे साम्बाच्या सेटिंग फाइलमध्ये एसएमबी १ कायमची सुरू करून ठेवू नका. जुन्या पेटीतल्या फाइली काढायच्याच असतील तर फक्त त्या एका आज्ञेपुरती परवानगी द्या:

एसएमबीक्लायंट //जुनीपेटी/डेटा -यू मीरा --ऑप्शन='क्लायंट मिन प्रोटोकॉल=एनटी१'

'एनटी१' हे एसएमबी १ चंच या सेटिंगमधलं नाव. आत गेल्यावर 'प्रॉम्प्ट', 'रिकर्स' आणि 'एमगेट *' देऊन सगळं उतरवून घ्या, आकार ताडून बघा, आणि ती पेटी नेटवर्कवरून काढा.